तोडणाऱ्याने आधी सिद्ध करावं



युरोपीय संघाला शेतीचं समाईक धोरण आहे, मासेमारीचं आहे, व्यापाराचं तर आहेच. जंगलांचं मात्र नाही. संघाच्या मूळ करारांत वनधोरणासाठी वेगळा अधिकारच दिलेला नाही. कुठलं झाड कधी तोडायचं, हे ज्या त्या देशाने ठरवायचं. लाकडावर ज्यांची अर्थव्यवस्था मोठ्या प्रमाणात उभी आहे त्या फिनलंड आणि स्वीडनने हा अधिकार आजवर डोळ्यांत तेल घालून जपला आहे. तरीही गेल्या तीसेक वर्षांत युरोपातल्या वनखात्यांच्या कारभारात ब्रुसेल्सचा शब्द फार वजनदार झाला. त्याची वाट वनांच्या कायद्यातून गेली नाही. पक्षी, वटवाघळं आणि कुजक्या लाकडात राहणारे भुंगेरे यांच्या संरक्षणाच्या कायद्यांतून ती गेली. हे कसं घडलं ते मला आज एका जंगलाच्या आधारे सांगायचं आहे. ते जंगल म्हणजे पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवरचं बियावोव्येझा.

आधी कायदा थोडक्यात समजून घेऊ. १९७९ साली पक्ष्यांविषयीचा निर्देश आला आणि १९९२ साली नैसर्गिक अधिवासांविषयीचा. निर्देश म्हणजे काय, तर उद्दिष्ट संघाने ठरवायचं आणि ते गाठण्यासाठी प्रत्येक देशाने आपापला कायदा करायचा. या दोन निर्देशांमधून ‘नातुरा २०००’ नावाचं संरक्षित क्षेत्रांचं जाळं उभं राहिलं. आज त्यात सत्तावीस हजारांहून अधिक ठिकाणं आहेत आणि संघाच्या जमिनीचा जवळपास १८ टक्के भाग त्यात येतो. त्यातला निम्म्याच्या आसपास भाग जंगलाचा आहे.

आपल्याकडच्या अभयारण्याची कल्पना डोळ्यांसमोर ठेवली तर इथे गल्लत होईल. नातुराच्या क्षेत्रात गावं आहेत, शेती आहे, गुरं चरतात, लाकूडतोडही चालते. यातली कितीतरी जमीन खासगी मालकीची आहे. कोणाला हुसकावून लावलेलं नाही. अट एकच, आणि ती अधिवास निर्देशाच्या कलम ६ मध्ये आहे. त्या क्षेत्रावर ठळक परिणाम होण्याची शक्यता असलेली कोणतीही योजना असो, तिचा परिणाम आधी तपासायचा. क्षेत्राला बाधा पोहोचणार नाही अशी खात्री पटल्यावरच परवानगी द्यायची. खात्री म्हणजे किती खात्री? २००४ साली नेदरलँड्समधल्या वाडन समुद्राच्या खटल्यात हा प्रश्न आला. तिथे यंत्रांनी शिंपले उपसण्याच्या परवान्यांचा वाद होता. संघाच्या न्यायालयाने सांगितलं की वाजवी अशी कोणतीही वैज्ञानिक शंका उरता कामा नये. शंका उरली तर परवाना नाही.

या एका वाक्याने पुराव्याचा भार उचलून दुसऱ्या खांद्यावर ठेवला. एरवी जगभर काय चालतं? झाड तोडू नका म्हणणाऱ्याने नुकसान सिद्ध करायचं, आणि ते सिद्ध होईपर्यंत झाड पडलेलं असतं. इथे तोडणाऱ्याने आधी सिद्ध करायचं. युरोपच्या पर्यावरण धोरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही आहे. बाकीची उद्दिष्टं, टक्केवाऱ्या, जाहीरनामे यांचं महत्त्व मी नाकारत नाही, पण जंगल प्रत्यक्ष वाचवलं ते या अटीने.

आता बियावोव्येझाकडे वळू. युरोपच्या सखल प्रदेशावर एके काळी पसरलेल्या जंगलाचा हा सर्वांत चांगला टिकलेला तुकडा आहे. लिथुएनिया-पोलंडचे राजे आणि नंतर रशियाचे झार इथे शिकारीला येत, आणि शिकारीसाठी म्हणून का होईना, त्यांनी हे जंगल राखलं. पहिल्या महायुद्धात मात्र इथली मोठी नासधूस झाली. १९१९ साली इथला शेवटचा रानटी युरोपीय बायसन मारला गेला. प्राणिसंग्रहालयांत आणि खासगी उद्यानांत उरलेल्या जनावरांपासून प्रजनन सुरू झालं आणि १९५२ साली बायसन पुन्हा या जंगलात मोकळे सोडण्यात आले. आज जगात असलेले सगळे युरोपीय बायसन अवघ्या बारा जनावरांचे वंशज आहेत.

बायसन सर्वांना दिसतो. जंगलाचा खरा संसार मात्र मेलेल्या लाकडात चालतो. इथे ओक, हॉर्नबीम, लिंडेन आणि स्प्रूसची झाडं म्हातारी होऊन उभ्यानेच वाळतात, कोसळतात आणि कित्येक दशकं कुजत पडून राहतात. लाकडासाठी राखलेल्या जंगलात दर हेक्टरी मोजकंच मेलेलं लाकूड सापडतं, तर इथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात ते शंभर घनमीटरच्याही वर जातं. या जंगलात बारा हजारांहून अधिक प्रकारचे अपृष्ठवंशी जीव आहेत. त्यांतल्या कितीतरी जातींचं सारं आयुष्य वाळक्या खोडाच्या सालीखाली जातं. युरोपात इतरत्र त्या जवळजवळ नाहीशा झाल्या, कारण वाळकं खोड उचलून नेणं हाच चांगल्या वनव्यवस्थापनाचा नियम होता. आपल्याकडच्या अनेक देवरायांत पडलेलं लाकूडसुद्धा बाहेर न्यायचं नाही असा दंडक आहे. त्या दंडकामागे श्रद्धा होती, पण त्यातून राखलं गेलं ते हेच.

पोलंडच्या बाजूच्या जंगलाचा जेमतेम सहावा हिस्सा राष्ट्रीय उद्यानात आहे. उरलेलं बहुतांश जंगल सरकारी वनसंस्थेच्या ताब्यात असतं, आणि ही संस्था आपला खर्च मुख्यतः लाकूड विकून भागवते. २०१२ सालच्या आराखड्यानुसार बियावोव्येझा वनविभागात दहा वर्षांत ६३,४७१ घनमीटर लाकूड काढायला परवानगी होती. पहिल्या चार वर्षांतच त्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास काढून झालं. मग मार्च २०१६ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री यान शिश्को यांनी आराखड्यात दुरुस्ती मंजूर केली आणि मर्यादा १,८८,००० घनमीटरवर नेली, म्हणजे जवळपास तिप्पट. शिश्को स्वतः वनशास्त्राचे प्राध्यापक होते. जंगल वाचवायचं असेल तर माणसाने त्यात हात घातला पाहिजे, असं त्यांचं मनापासूनचं मत होतं.

कारण दिलं गेलं ते किडीचं. स्प्रूसची साल पोखरणारा एक छोटा भुंगेरा आहे. निरोगी झाड चीक सोडून त्याला रोखतं. सलग दुष्काळ आणि उष्ण उन्हाळ्यांनी झाड अशक्त झालं की भुंगेरे सालीत शिरतात, गंधाने इतरांना बोलावतात आणि त्यांच्या अळ्या सालीखालचा रसवाहक थर खाऊन टाकतात. काही आठवड्यांत झाड मरतं. गेल्या दशकात बियावोव्येझात स्प्रूसची झाडं फार मोठ्या संख्येने अशी वाळली. डोळ्यांसमोर डोंगरासारखी उभी झाडं तांबूस होत मरताना पाहणाऱ्या वनरक्षकाला काय वाटत असेल, हे समजून घ्यायला हवं. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात १९९७ च्या सुमारास मंडला भागात सालवृक्षांवर किडीची साथ आली तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला होता, आणि तिथेही पहिलं उत्तर कुऱ्हाडीचंच होतं.

तोडीच्या बाजूचा युक्तिवाद सरळ होता. लागण झालेली झाडं काढली नाहीत तर साथ पसरेल, सगळं स्प्रूस जाईल, आणि वाळकी झाडं रस्त्यावर पडून माणसं मरतील. त्याविरुद्ध पर्यावरणशास्त्रज्ञांचं म्हणणं असं होतं की झाडाची पानं गळून ते वाळलेलं दिसतं तोवर भुंगेऱ्यांची नवी पिढी उडून गेलेली असते. ते झाड तोडल्याने साथ थांबत नाही, मात्र तीन बोटांच्या सुतार पक्ष्याचं अन्न आणि घर दोन्ही जातं. भुंगेऱ्यांवर जगणारा हा सुतार म्हणजे जंगलाचा स्वतःचा पहारेकरी. यावर अनुभवही हाताशी होता. जर्मनीतल्या बायर्न प्रांताच्या जंगलातल्या राष्ट्रीय उद्यानात १९८३ च्या वादळात पडलेली झाडं तशीच राहू द्यायचं ठरलं. पुढे भुंगेऱ्यांनी हजारो हेक्टरवरचं स्प्रूस मारलं, तेव्हा आसपासच्या गावांत संतापाची लाट उठली. आज त्याच उतारांवर, पडलेल्या खोडांच्या आधाराने, कोणीही न लावलेलं नवं रान उभं आहे.

२०१७ च्या उन्हाळ्यात बियावोव्येझात झाड कापून, फांद्या छाटून ओंडके रचणारी अवजड यंत्रं फिरू लागली. शंभर वर्षांहून जुन्या झाडांच्या पट्ट्यांतही ती शिरली. तरुण मुलं-मुली तिथे तळ ठोकून राहिली आणि स्वतःला यंत्रांना साखळदंडाने बांधून घेऊ लागली. संघाची कार्यकारी संस्था असलेल्या युरोपीय आयोगाने संघाच्या न्यायालयात धाव घेतली. २७ जुलै २०१७ रोजी न्यायालयाने तोड तात्काळ थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला. लोकांच्या सुरक्षिततेचं कारण देऊन तोड चालूच राहिली. आयोगाने उपग्रहांनी टिपलेली चित्रं पुढे ठेवली. २० नोव्हेंबरला न्यायालयाने बजावलं की आदेश मोडलात तर दिवसाला किमान एक लाख युरो भरावे लागतील. अंतरिम आदेशात असा दंड न्यायालयाने त्याआधी कधी लावला नव्हता. तोड थांबली. जानेवारीत शिश्को यांचं मंत्रिपद गेलं. १७ एप्रिल २०१८ रोजी निकाल लागला आणि पोलंडने दोन्ही निर्देशांचा भंग केल्याचं ठरलं.

त्या निकालातली एक बाब प्रत्येक वनाधिकाऱ्याने वाचावी अशी आहे. न्यायालयाने भुंगेऱ्यांविषयी स्वतःचं शास्त्र मांडलं नाही. त्याने पोलंडचेच कागद उघडले. २०१५ साली पोलिश अधिकाऱ्यांनीच या क्षेत्रासाठी जी संरक्षण योजना मंजूर केली होती, तिच्यात मेलेली आणि मरणारी झाडं काढून नेणं हा इथल्या सुतार पक्ष्यांना, छोट्या घुबडांना आणि कुजक्या लाकडातल्या दुर्मीळ भुंगेऱ्यांना असलेला धोका म्हणून नोंदवलेला होता. या भुंगेऱ्यांपैकी काहींच्या युरोपीय संघातल्या अखेरच्या ठावांपैकी हे जंगल एक आहे. स्प्रूस पोखरणारा भुंगेरा हा धोका, असं त्या योजनेत कुठेच नव्हतं. झाडं काढून नेणं हा धोका, असं मात्र स्पष्ट होतं. आणि वर्ष उलटायच्या आत तीच कृती उपाय म्हणून मंजूर झाली. शंका दूर करणारी पुरेशी, ताजी माहिती मंजुरी देताना सरकारपाशी नव्हती. तेवढं पुरेसं ठरलं.

हे सांगताना जंगलालगतच्या हायनुफ्का आणि आसपासच्या गावांतल्या माणसांना मी वगळू इच्छित नाही. पिढ्यान्पिढ्या जंगलात राबलेले हे लोक. त्यांच्या घरात थंडीत लाकूड जळतं, त्यांची मुलं आरागिरण्यांत कामाला लागायची. वॉर्सा आणि ब्रुसेल्समधल्या माणसांनी आपलं जंगल आपल्यापासून हिरावलं, असं त्यांतल्या अनेकांना वाटलं, आणि अधिवास निर्देशाच्या चोवीस कलमांत या भावनेला उत्तर नाही. निर्देश काय करू नये ते ठामपणे सांगतो. न केल्याने ज्याची मजुरी बुडते त्याला काय द्यायचं, हे तो बहुतांशी राष्ट्रीय सरकारांवर सोडतो. माझ्या मते हा त्याचा सर्वांत मोठा दोष आहे आणि त्याची किंमत पुढे राजकारणात मोजावी लागली.

२०१८ च्या त्या निकालानंतर दोन धागे पुढे गेले. स्वीडनमधल्या एका नगरपालिकेच्या हद्दीत सरसकट तोड करायची होती. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की एखादी जात एकूण देशात सुखरूप असली, तरी तिच्या संरक्षणाचे नियम त्या तुकड्यातल्या प्रत्येक जिवाला लागू राहतात. मला याहून महत्त्वाचा वाटतो तो मार्च २०२३ चा पोलंडविरुद्धचा दुसरा निकाल. ‘चांगल्या पद्धतीने’ केलेली वनकामं जातींच्या संरक्षणाच्या नियमांतून सुटतात, अशी सूट पोलंडने कायद्यात घातली होती, आणि वनआराखड्यांना न्यायालयात आव्हान देण्याची वाट पर्यावरण संस्थांना बंद होती. दोन्ही गोष्टी बेकायदेशीर ठरल्या. आराखडा ही वनखात्याची खासगी वही नाही, तिच्यावर नागरिक दाद मागू शकतात, हे यातून प्रस्थापित झालं. आयोग काही दर वेळी दाराशी येणार नाही. गावातली संस्था येऊ शकते.

आता धोरणाची दुसरी बाजू. हाच युरोपीय संघ लाकूड जाळून केलेली ऊर्जा नवीकरणीय ऊर्जेत मोजतो, आणि त्याच्या नवीकरणीय ऊर्जेचा सर्वांत मोठा वाटा जैवभारातून येतो. एका हाताने वाळकं खोड जंगलात राहू द्या म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने त्याला भट्टीत भाव मिळवून द्यायचा. २०२३ च्या सुधारित कायद्याने काही बंधनं वाढवली, पण मूळचा हिशेब बदलला नाही. तो बदलल्याशिवाय नातुराच्या बाहेरच्या जंगलावरचा ताण हटेल असं मला वाटत नाही. संघाच्या पाहणीत संरक्षित अधिवासांपैकी जेमतेम १५ टक्के चांगल्या स्थितीत आढळले, आणि आदिम व जुनी जंगलं एकूण वनक्षेत्राच्या सुमारे ३ टक्केच उरली आहेत. नुसती राखण करून हे भरून निघणार नव्हतं.

म्हणून २०२४ साली निसर्ग पुनरुज्जीवनाचा कायदा आला. सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या बैठकीत त्याला फार थोड्या मतांनी बहुमत मिळालं. ऑस्ट्रियाच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री लेओनोरे गेवेस्लर यांनी आपल्याच चॅन्सलरचा विरोध पत्करून बाजूने मत दिलं तेव्हा तो पार पडला. फिनलंड, स्वीडन आणि पोलंड तेव्हा विरोधात होते. या कायद्यात जंगलांसाठी पक्ष्यांच्या संख्येचा निर्देशांक सर्वांना बंधनकारक आहे. त्याखेरीज सात निकष दिले आहेत: उभं मेलेलं लाकूड, पडलेलं मेलेलं लाकूड, वेगवेगळ्या वयांची झाडं, जंगलांची सलगता, जमिनीतला आणि पालापाचोळ्यातला कार्बन, देशी झाडांचं प्रमाण आणि झाडांच्या जातींची विविधता. यांतले सहा निवडून प्रत्येक देशाने त्यांत वाढ दाखवायची आहे, आणि राष्ट्रीय आराखड्याचा मसुदा आयोगाकडे द्यायला १ सप्टेंबर २०२६ ही मुदत ठरलेली आहे. सातांतला कोणता एक निकष कोणत्या देशाने गाळला, हे त्या मसुद्यांत पाहायला मिळेल. पोलंडच्या मसुद्यात मी सर्वांत आधी मेलेल्या लाकडाच्या दोन ओळी शोधीन, आणि त्यांच्या शेजारी हायनुफ्काच्या मजुरांसाठी किती निधी लिहिला आहे ते पाहीन.