मुखवट्यांच्या नाचाची पोस्टरं

महिला सभेचा कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागतो, बारीक अक्षरांच्या दहा ओळी. बाया समोरून पाण्याला जातात, सभेला येतात पाच-सात.

1890 च्या दशकात पॅरिसच्या ऑपेरा नाट्यगृहात मुखवटे घालून नाचायचे मोठे कार्यक्रम होत. त्यांची पोस्टरं ज्यूल शेरे नावाचा चित्रकार काढायचा. मधोमध हसती-नाचती बाई, मुखवट्यांची गर्दी, भडक पिवळा-लाल रंग. मजकूर एवढाच: काय, कुठे, कधी. चालता चालता समजावं असं.

छपाई दगडावरची, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. रंग वाढला की खर्च वाढला, म्हणून मोजकेच रंग. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती अशाच छापलेल्या. तो छापखाना मुंबईत 1894 मध्ये निघाला. आजीच्या देव्हाऱ्यामागे असेल एखादी, बघा.

आता आपल्या सभेचं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एकच बाई मोठी काढा, दोन रंगांत. मुखवटा नको बरं का! डोक्यावर पदर, हातात गटाचं रजिस्टर. वार आणि वेळ ठळक. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी घड्याळच काढा. ग्रामपंचायतीचा कागद खाली राहू द्या, तो नियमाला लागतो.