समुद्रांतील पवनचक्क्या आणि आमचीं तळीं

वैनगंगेच्या कांठीं कारध्यास राहणाऱ्यानें समुद्राविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. पण एकाच पाण्यावर अनेकांनीं पोट भरण्याचा हा प्रश्न आम्हां भंडाऱ्याच्या लोकांस घरचाच आहे.

१९९१ सालीं डेन्मार्कनें विंडेबी येथें समुद्रांत ११ पवनचक्क्या उभारल्या. पुढें उत्तर समुद्रांत अशा चक्क्यांचीं रानेंच्या रानें झालीं. दोन चक्क्यांमध्यें अंतर पुष्कळ, आणि मधल्या पाण्यांत कित्येक ठिकाणीं जाळें ओढण्यास मनाई. तेव्हां तेथें दोरखंड सोडून त्यांवर शिंपले व समुद्रशैवल वाढवावें, अशी कल्पना निघाली. २०१७ सालापासून बेल्जियमच्या समुद्रांत शिंपल्यांचा प्रयोग झाला. अलीकडे हॉलंडच्या चक्क्यांमध्यें शैवलाची शेती मांडली गेली. या पिकांस चारा नको, खत नको. शिंपला पाणी गाळून त्यांतील सूक्ष्म जीवांवर जगतो. शैवल पाण्यांत विरघळलेलें नत्र शोषून घेतें. अडचण आहे ती लाटांची, आणि सुटलेला दोर दुरुस्तीच्या बोटीस अडकल्यास नुकसान कोणीं भरावें, याची.

आमच्याकडे कोहळी लोकांनीं बांधलेल्या तळ्यांवर धान पिकतो, ढीवर मासे धरतात, आणि पाण्यावर शिंगाड्याचा वेल पसरतो. १९५१ सालीं मालगुजारी गेली, तळीं सरकारकडे आलीं. मासेमारीचे ठेके ढीवरांच्या सहकारी संस्था घेऊं लागल्या. परंतु धानास पाणी सोडलें कीं तळें उतरतें, आणि मासा तर अजून वाढीस लागलेला असतो! शिवाय गाळानें व बेशरमीच्या झुडपांनीं पाणवनस्पती हटल्या, तसे देशी मासेही घटले. अलीकडे कांहीं तळ्यांतून ढीवर स्त्रियांनीं बेशरम उपटून त्या वनस्पती पुन्हा लावल्या, तेव्हां देशी मासा परतूं लागला. शैवलाची व शिंपल्याची जोडी हीच गोष्ट खाऱ्या पाण्यांत सांगते, असें मला वाटतें.

आपल्या देशानेंही २०१५ सालीं समुद्रांतील पवनविजेचें धोरण ठरविलें असून गुजरात व तामिळनाडूचे किनारे त्यासाठीं पुढें आले आहेत. तामिळनाडूंत मंडपमच्या बाजूस स्त्रिया बांबूच्या तराफ्यांवर शैवल पिकवितात, तें उथळ पाण्यांत. खोल समुद्रांत तो तराफा टिकणार नाहीं. तेथें मोठी बोट लागेल, भांडवल लागेल. तें कोण देणार? चक्क्यांमधील पाण्याचा करार लिहिला जाईल तेव्हां या स्त्रियांचें नांव त्यांत येणार, कीं केवळ वीज काढणाऱ्याचें, हें पहिला खांब रोवण्यापूर्वींच सरकारला विचारलें पाहिजे.