नळात अडकलेली हवा

थंड देशांत हिवाळ्यात पाईपातलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाईप फुटतात. आपल्या मुंबईतल्या शिवडीत बर्फाची भीती नाही. इथे पाणी अडवते ती हवा. पाणीकपातीत गच्चीवरची टाकी रिकामी झाली की खाली येणाऱ्या पाईपात हवा शिरते. टाकी भरली तरी ही हवा वळणावर अडून बसते. वरच्या मजल्यांवर दाब कमी, म्हणून तिथले नळ नुसते फुसफुसतात.

अशा वेळी पाईप ठोकू नका. टाकी भरू द्या, मग त्या लाइनवरचे सर्वांत खालचे नळ पूर्ण उघडा. हवा निघाली की धार सलग होते. त्रास वारंवार होत असेल, तर टाकीच्या व्हॉल्व्हपुढचा हवेचा उभा पाईप चोंदलाय का, हे प्लंबरकडून पाहून घ्या.

आणि कळकळीची विनंती: महापालिकेच्या जोडणीला थेट पंप लावू नका. त्या ओढीने गळक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत येऊ शकतं. कपातीनंतरचं पहिलं गढूळ पाणी संडासासाठी वापरा. पिण्याचं पाणी उकळूनच घ्या, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.