मोठ्या कंपनीची पाटी आणि गटाचे पैसे

कोणी पानमळ्यात असाल, कोणी पानपिंपरी वेचत असाल, कोणी चुलीपाशी. हात चालू ठेवा आणि ऐका.

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत वेगळाच विषय निघाला. एका ताईच्या पोराच्या मोबाईलवर निरोप आला होता. लहानशी सॉफ्टवेअर कंपनी आहे, शेअर फक्त 14 रुपयांचा, मायक्रोसॉफ्टसोबत भागीदारी झाली आहे, वर्षभरात पैसे दसपट. गटाच्या खात्यात तेव्हा 60,000 रुपये होते, पेरणीच्या तोंडावर कर्ज म्हणून वाटायचे. त्यातले अर्धे तिकडे लावायचे का? खोटं कशाला बोला, आमचं मन हललं होतं.

कारण अशा कंपन्या खरंच मोठ्या झाल्या आहेत. पुण्याची पर्सिस्टंट सिस्टिम्स घ्या. तिचे संस्थापक आनंद देशपांडे यांचा जन्म आपल्या अकोल्याकडचा. अमेरिकेत शिकून ते परत आले आणि 1990 साली त्यांनी ही कंपनी काढली. तिचं काम काय, तर दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांना त्यांचं सॉफ्टवेअर तयार करून देणं. मायक्रोसॉफ्ट, आयबीएम यांच्यासोबत काम करत ती वाढली. 2010 मध्ये तिचा शेअर 310 रुपयांना विक्रीला आला, तेव्हा जेवढे शेअर होते त्याच्या 93 पट मागणी आली. म्हणजे मागितले तेवढे शेअर सगळ्यांना मिळणं शक्यच नव्हतं. ज्यांना मिळाला, त्यांच्या एका शेअरचे 2015 चा बोनस आणि 2024 ची विभागणी धरून चार झाले. 2025 मध्ये त्यातला एकेक शेअर 5,000 रुपयांच्या आसपास होता.

ऐकून तोंडाला पाणी सुटतं. पण बाजारात येण्याआधी ही कंपनी वीस वर्षं काम करून गिऱ्हाइकांकडून पैसे मिळवत होती, हे निरोपात कोणी लिहीत नाही. आणि मोठ्याचा आधार म्हणजे मोठ्यावर भिस्तही. एके काळी तिच्या उत्पन्नाचा पाचव्यापेक्षा मोठा हिस्सा एकट्या आयबीएमकडून यायचा. आयबीएमचं काम कमी झालं की इकडे चटका. 2015 मध्ये शेअर घेऊन ज्यानं मार्च 2020 च्या अखेरीस विकला, त्याला पाच वर्षं थांबूनही तोटाच झाला. चांगल्या कंपनीची ही गत.

मोठ्याशी केलेल्या करारात लहानाचं किती चालतं, हे आपल्या गावाला कोणी शिकवायला नको. 30 डिसेंबर 1803 ला दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह इथंच झाला. दुआब गेला, भडोच गेलं, अहमदनगरचा किल्ला गेला. कागदावर मात्र दोघांच्याही सह्या.

आता 'भागीदारी' हा शब्द. बियाण्याच्या मोठ्या कंपनीची पाटी आपल्या बाजारातल्या कोणत्या कृषी केंद्रावर नाही? म्हणून त्या बियाण्याच्या कंपनीनं दुकानात पैसा घातला असं होत नाही. मायक्रोसॉफ्टचंही तसंच. जगभरात तिचे भागीदार लाखोंनी आहेत, आणि पहिल्या पायरीवर नाव नोंदवायला फार काही लागत नाही. पाटी खरी असली तरी तिच्यातून किती रुपयांचं काम मिळालं, हा प्रश्न उरतोच. तो आम्ही त्या पोराला विचारला. त्यानं निरोप पुन्हा वाचला, त्यात ते नव्हतं.

कधीकधी तर सगळंच पोकळ निघतं. सप्टेंबर 2024 मध्ये नोएडाच्या ट्रॅफिकसोल नावाच्या लहान कंपनीनं लोकांकडून सुमारे 45 कोटी रुपये मागितले. त्यातला मोठा वाटा सॉफ्टवेअर विकत घ्यायला होता. मागणी तीनशे पटींच्या वर गेली. नंतर तक्रार झाली, आणि ज्याच्याकडून सॉफ्टवेअर घ्यायचं ती कंपनी नावापुरतीच निघाली. डिसेंबरात सेबीनं लोकांचे पैसे परत करायला लावले. शेअर बाजारात उतरण्याआधी हे उघड झालं म्हणून निभावलं.

आणखी एक गोष्ट बँकेत काम केलेल्या एका ताईंनी लक्षात आणून दिली. बैठकीत सगळ्यांत जास्त वेळ आम्ही यावरच बोललो. आपल्या गटासारख्या गटाला शेअर घ्यायचे तर ते कोणा एकीच्या नावावर राहतील. पैसे दहा जणींचे, डिमॅट खातं एकीचं. भाव पडला तर दोष कोणाला? ती बाई उद्या नसली तर तिच्या घरच्यांकडे मागायला कोण जाणार? यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

गटाचे पैसे ठरल्याप्रमाणे बियाण्यासाठी वाटले. ज्या ताईच्या पोराला निरोप आला होता, तिनं स्वतःच्या वेगळ्या पैशातून 2,000 रुपये लावायचं म्हटलं. तिचा पैसा, तिची मर्जी. फक्त तिला आम्ही एवढंच सांगितलं की निरोप पाठवणारा सेबीकडे नोंदलेला सल्लागार आहे का, हे आधी फोन करून विचार. सेबीचा फुकटचा नंबर 1800 22 7575, मराठीतही बोलतात. तिनं फोन केला. निरोप पाठवणाऱ्याचं नाव काय, असं तिकडून विचारलं, तेव्हा ते पोराकडेही नव्हतं.