बंड्याचा ‘एड्स’ आणि आमची भीती

(झल्लाक येथे मंडळाच्या निधी-संकलन मेळाव्यात केलेले भाषण)



गाणी झाली, बटाटेवडे झाले. आता मांजरांवर भाषण म्हणजे जरा जडच जाणार, याची मला कल्पना आहे. पण आजच्या निधीतला एक वाटा आपल्या परिसरातल्या मुक्या जनावरांच्या औषधपाण्यासाठी आहे. म्हणून पाच मिनिटं मागून घेतली आहेत.

आमच्या कंपाउंडमध्ये एक बोका आला. कान फाटलेला, नाकावर ओरखडे, मारामाऱ्या करून आलेला गडी. मुलांनी नाव ठेवलं बंड्या. बघता बघता घरातलाच झाला. एकदा जखम चिघळली म्हणून दवाखान्यात नेला. रक्त तपासलं आणि रिपोर्ट आला : ‘एफआयव्ही पॉझिटिव्ह’. कुणीतरी म्हणालं, “म्हणजे मांजरांचा एड्स!”

झालं! संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळीकडे. शेजारच्या वहिनींनी मुलांना आमच्याकडे पाठवणं बंद केलं. कुणी म्हणालं, लांब वाळवंटात सोडून या. कुणी म्हणालं, इंजेक्शन देऊन मोकळं करा. दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? मी स्वतः त्याला दोन दिवस बाथरूममध्ये कोंडला आणि ताटली काठीने आत सरकवली. तो दाराआडून ओरडत होता. आज आठवलं की लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. हा विषाणू एचआयव्हीच्या कुळातला आहे, हे खरं. पण तो मांजरांचाच. माणसाला होत नाही. चावल्याने नाही, चाटल्याने नाही. मांजरांमध्येही तो मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, म्हणून भांडखोर बोक्यांत जास्त. मांजराची नसबंदी केली, घरात ठेवलं, कच्चं मांस दिलं नाही, वेळच्या वेळी तपासणी केली, तर असं मांजर अनेक वर्षं सुखाने जगू शकतं. आणखी एक गोष्ट. सहा महिन्यांच्या आतल्या पिलाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी घाबरू नये. आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळेही तसं दिसतं. तपासणी नंतर पुन्हा करायची.

मंडळी, एक योगायोग सांगतो. हा विषाणू १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोतो यांनी शोधला. त्याच वर्षी मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातले पहिले एचआयव्हीबाधित उजेडात आणले. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमधल्या मराठी घरातल्या. आपल्या मुलांसारख्याच महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या. ज्या रुग्णांना हात लावायला लोक कचरत, त्यांना बाईंनी जवळ केलं आणि १९९३ मध्ये गायतोंडे नावानेच केंद्र उभारलं. रोग कसा पसरतो आणि कसा पसरत नाही, हे एकदा नीट कळलं की माणूस माणसाला दूर लोटत नाही. मग मुक्या जनावराला का लोटावं?

याचा अर्थ बिनधास्त राहा, असा नाही. मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू एकमेकांना चाटण्यातून, एकाच ताटलीतूनही पसरतो. त्याची तपासणी करावी, त्यावर लस आहे. पॅनल्युकोपेनिया म्हणजे मांजरांचा पार्व्हो, तो पिलांचे प्राण घेतो. त्यावरही लस आहे. गंमत बघा, त्याला कुणी घाबरत नाही, कारण त्याच्या नावात ‘एड्स’ नाही! एफआयपी हा तर मरणाचाच रोग समजला जायचा. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पेडरसन यांच्या गटाने ३१ आजारी मांजरांवर नवं औषध वापरलं आणि त्यातली २५ दीर्घकाळ वाचली.

मांजर म्हणजे वाघाची मावशी. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, तेव्हा संशय कोंबडीच्या मांसावर गेला. म्हणून घरच्या मांजराला चिकन द्यायचं तर शिजवूनच द्या. आणि सुट्टीत भारतात गेल्यावर मांजर चावलं, तर जखम पंधरा मिनिटं साबणाने धुऊन लगेच डॉक्टरकडे जा. रेबीजची भीती मात्र खरी आहे.

थोडक्यात, भीती बाळगायची तर योग्य गोष्टीची बाळगावी, आणि तिच्यावर उपाय करावा. आज तुम्ही पेटीत जे टाकाल त्यातून नसबंदी, लसी आणि रक्ततपासण्या होतील. कोंडून ठेवण्यापेक्षा हा खर्च कितीतरी स्वस्त.

बंड्या आमच्या दारातल्या पायपुसण्यावर आजही ऐसपैस झोपतो. शेजारच्या वहिनींची धाकटी रोज संध्याकाळी त्याला खाऊ घालायला येते. वहिनी आज इथे बसल्या आहेत. त्यांनी परवानगी दिली, म्हणूनच ही गोष्ट सांगितली. पेटीत पहिलं पाकीट त्यांचंच आहे.

दुसरं कुणाचं, ते तुम्ही ठरवा.