पंप कोण चालवतं?

ठाण्या-डोंबिवलीच्या सोसायट्यांत पहाटे गच्चीवरून पाणी ओघळायला लागलं की वॉचमनच्या नावाने ओरडा सुरू होतो: पंप बंद करायचा राहिला! इंजिनिअरिंगच्या मुलांना यात आयता प्रोजेक्ट दिसतो. आर्डुइनो उनो बोर्ड आणायचा, टाकीत फ्लोट स्विच सोडायचा आणि पंप आपोआप बंद करायचा.

प्रोग्रॅम दोन ओळींचा. समजा, ८ नंबरची पिन घेतली. ‘पिनमोड’ने तिला आउटपुट ठरवायचं, मग ‘डिजिटलराइट’ने हाय म्हटलं की पिनवर ५ व्होल्ट, लो म्हटलं की शून्य.

पण या पिनच्या अंगात ताकद किती? कमाल मर्यादा ४० मिलीअँपिअर, आणि शहाण्याने २० च्या पुढे जाऊ नये. २२० ओहमचा रेझिस्टर लावून एलईडी खुशाल पेटवा. पंप चालू-बंद करणाऱ्या ५ व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल मात्र ७० च्या आसपास मागते. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर हवा, आणि कॉइलवर उलटा डायोड. नाहीतर रिले सुटताना उसळणारा व्होल्टेजचा झटका ट्रान्झिस्टरला खातो. गार्डच्या हिरव्या झेंड्याने गाडी ओढली जात नाही, तसंच पिनचं आहे. मोठा पंप असेल तर रिलेनेही फक्त स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरला इशारा द्यायचा.

खरी गंमत लाइट जाऊन आल्यावर. बोर्ड जागा होताना सगळ्या पिन इनपुट असतात, म्हणजे हायही नाहीत आणि लोही नाहीत. म्हणून ट्रान्झिस्टरचा बेस १० किलोओहमने ग्राउंडला बांधून ठेवावा. दुकानात मिळणारी बरीच रिले मोड्यूल्स तर उलट्या काळजाची: लो दिलं की चालू. तिथे आधी हाय लिहावं आणि मग पिन आउटपुट करावी. क्रम चुकला तर रिले क्षणभर ‘टक्’ करून पंपाला धक्का देते.

ठाणे-कल्याण मार्गावरून तुम्ही रोज जाता. रेल्वेच्या सिग्नलमधल्या रिलेंची रचनाच अशी, की तार तुटली किंवा वीज गेली तर रिले सुटते आणि सिग्नल लाल होतो. बिघडल्यावर काय व्हायचं, हे तिथे आधी ठरतं. आपल्या पोरांच्या प्रोजेक्टमध्ये ते बहुधा व्हायव्हात विचारल्यावर ठरतं!

२३० व्होल्टची जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. आणि सर्किटच्या डब्याच्या बाहेर हाताने पंप बंद करायचं एक बटण ठेवा. रात्री दोन वाजता टाकी वाहायला लागली, तर वॉचमन काही प्रोग्रॅम वाचत बसणार नाही.