मामांचा प्रश्न : आपल्याच पेशी इतके दिवस झोपल्या होत्या का?

आजचा भाग माझ्या मामांच्या एका प्रश्नावरून सुचलाय. मामा परभणी जिल्ह्यातले, जिंतूरकडचे, कापूस-सोयाबीन करणारे. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या वीस वर्षांच्या मामेभावाला, रक्ताचा कॅन्सर आहे. केमो झाली, बरा झाला, आणि वर्षाच्या आत आजार उलटला. आता मुंबईच्या डॉक्टरांनी कार-टी उपचार सुचवलाय. त्याच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, त्यात बदल करायचा आणि परत त्यालाच द्यायच्या.

मामांनी हे सगळं ऐकलं आणि मला फोन केला. "त्याच्याच पेशी ना त्या? मंग इतके दिवस झोपल्या व्हत्या का?"

मी मायक्रोबायोलॉजी शिकलेला माणूस, पण चटकन उत्तर देता आलं नाही. म्हटलं, मामा, रात्री फोन करतो.

रात्री सुरुवात केली बोंडअळीपासून. ज्यांच्या घरी कापूस आहे त्यांना माहितीये, गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की फवारणीचा उपयोग नाही. शिरलेलं छिद्र बुजतं, बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं. शरीरातही तसंच. अँटिबॉडी म्हणजे फवारणी समजा. रक्तात मोकळा फिरणारा विषाणू ती पकडते. पण तो पेशीच्या आत शिरला की अँटिबॉडीचा हात तिथं पोचत नाही. मग ती अख्खी पेशीच मारावी लागते, आणि हे काम मारेकरी टी-पेशींचं. पुस्तकात यांना सीडी-८ टी-पेशी म्हणतात.

पण बोंड न फोडता आत अळी आहे हे कळणार कसं? मामांनी मध्येच सांगितलं, "डोमकळी बघायची." बरोब्बर! अळी फुलात असली की पाकळ्या उमलत नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात. आतली गोष्ट बाहेर दिसते.

आपली जवळपास प्रत्येक पेशी अशी खूण सतत बाहेर टांगत असते. आत जी प्रथिनं तयार होतात, त्यातल्या काहींचे बारीक तुकडे होतात, साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे. एमएचसी नावाचा रेणू हे तुकडे घेऊन पेशीच्या पृष्ठभागावर येतो, हातात नमुना धरल्यासारखा. पेशीत विषाणू असेल तर त्याचेही तुकडे तिथं दिसतात. टी-पेशी येते, चाचपते, ओळखीचं काही नसेल तर पुढं जाते.

यात एक मेख आहे. टी-पेशीला नुसता तुकडा कळत नाही. तुकडा आणि तो धरणारा आपल्याच शरीराचा एमएचसी, दोन्ही एकत्र जुळावे लागतात. पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात उंदरांवर हे दाखवलं. १९९६ चं नोबेल त्यालाच मिळालं.

जुळलं की मग मारणं. हा भाग मला स्वतःला फार आवडतो. टी-पेशी त्या पेशीला घट्ट चिकटते आणि आपल्या पोटातल्या रसायनांच्या पिशव्या चिकटलेल्या बाजूला सरकवते. परफोरिन समोरच्या पेशीला भोकं पाडतं, त्यातून ग्रॅन्झाइम आत शिरतात आणि त्या पेशीचं स्वतःचंच मरणाचं बटण दाबतात. पेशी फुटून घाण पसरत नाही, तिचे नीट तुकडे होतात, सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात. शेजारची पेशी शाबूत! आणि मारेकरी निघाली पुढच्या पेशीकडं.

"मंग कॅन्सरला का नाही मारलं?" मामा मुद्दा सोडत नाहीत.

कारण कॅन्सरची पेशी परकी नसते, आपलीच बिघडलेली असते. ती टांगते ते बहुतेक तुकडे आपलेच. आणि आपल्याच तुकड्यांवर तुटून पडणाऱ्या टी-पेशी थायमस ग्रंथीत आधीच छाटल्या जातात, नाहीतर त्या शरीरच खातील. शिवाय काही कॅन्सरपेशी एमएचसीच कमी करतात. डोमकळीच दिसू द्यायची नाही! म्हणजे मामा, त्या झोपल्या नव्हत्या. त्यांना वाचायला काही नव्हतं.

कार-टीमध्ये नेमकी तीच अडचण सोडवतात. टी-पेशीत एका नव्या रिसेप्टरचं जनुक घालतात. त्याचं बाहेरचं टोक अँटिबॉडीचं, ते बी-पेशीवरचं सीडी-१९ थेट पकडतं, एमएचसी लागतच नाही. मारायची हत्यारं मात्र तीच जुनी. निरोगी बी-पेशींवरही सीडी-१९ असतं, त्यामुळं त्याही मरतात आणि काही काळ इन्फेक्शन सांभाळावं लागतं.

भारतातलं अशा प्रकारचं पहिलं औषध, नेक्सकार-१९, मुंबईतच घडलं. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार, टाटा मेमोरियलचे डॉक्टर आणि इम्युनोॲक्ट ही कंपनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी लोकार्पण केलं. चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. प्रतिसाद म्हणजे कायमचं बरं होणं नव्हे, हे मी मामांना दोनदा सांगितलं.

अमेरिकेत यालाच तेव्हा ३ ते ४ कोटी लागत, इथं सुरुवातीला ३० ते ४० लाख सांगितले गेले. बातम्यांत याला स्वस्त म्हणतात. मामांनी 'स्वस्त' ऐकलं आणि थोडा वेळ बोललेच नाहीत. एवढ्यात त्यांची जमीन जाते हो. मदतनिधी, ट्रस्ट, सगळीकडं अर्ज टाकलेत.

मग त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. कॅन्सरनं ती सीडी-१९ ची खूणच पुसली तर? होतं तसं काही जणांत, आणि मग आजार उलटतो. मी लपवलं नाही. आणि ताप आला तर? येतो बऱ्याच जणांना, कारण पेशी एकदम कामाला लागतात. तो वाढू शकतो, म्हणून दवाखान्यात ठेवतात, औषधंही आहेत.

मामा म्हणाले, "बरं. म्हणजे घाबरायचं, पण दवाखान्यात बसून."

पुढच्या आठवड्यात पेशी काढणार आहेत. देवगिरीचं परभणीहून रिझर्वेशन झालंय. मशीनला काही तास बसायचंय, म्हणून भावानं माझ्याकडं ऐकायला काहीतरी मागितलंय. हा भाग त्यालाच आधी पाठवतोय.